खपली

शुभदाने वेणी पुढे घेतली, पाठ धर्मपालकडे केली आणि बामची डबी मागे सरकवली.

"जरा चोळा की. सकाळधरनं अंग लई ठणकतंय."

त्याने बोटावर बाम घेतला. ब्लाउजचा काठ थोडा खाली ओढला, तेव्हा त्याला ती दिसली. उजव्या खांद्याखाली मसुराएवढी काळी खपली, भोवती लालसर कडं. कुणी जळती सिगारेट टेकवावी तशी. त्याचं बोट जागीच थांबलं.

"काय झालं?"

"काय न्हाय."

खपलीला वळसा घालत त्याने बाम चोळला, डबीचं झाकण घट्ट लावलं आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिला.

घरात सिगारेट कुणी ओढत नव्हतं. ओढायचा तो बुद्धभूषण.

वन्यजीवांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत शुभदाला यंदा नोकरी लागली होती. अक्कलकोट रस्त्यापलीकडच्या माळावर लांडगे आणि कोल्ह्याहून लहान अशी खोकडं यांची मोजणी करायची. बुद्धभूषण तिच्या गटाचा प्रमुख. मुलाखतीच्या दिवशी धर्मपालनेच तिला गाडीवरून सोडलं होतं, बाहेर चहा पीत वाट बघितली होती. पण पुढे रोज रात्रीच्या जेवणाला जणू तिसरं ताट मांडलं जाऊ लागलं. भूषणसर म्हणतात, खोकड उन्हाचं बाहेर पडत नाही. भूषणसरांनी आज लांडग्याची पिल्लं दाखवली. गवतात दबा धरून बसायचं, हालायचं नाही, बोलायचं नाही. हे सांगताना तिचे डोळे असे चमकायचे, की एसटी डेपोत दिवसभर गाड्या पुकारून आलेल्या धर्मपालच्या तोंडचा घास फिरायचा. त्याच्या दिवसात सांगण्यासारखं काही घडत नसे.

पाठीवर सिगारेट टेकायची तर माणूस किती जवळ बसलेला असावा लागतो? दुसऱ्या दिवशी डेपोत हेच त्याच्या डोक्यात चाललं होतं. दुसऱ्याच दिशेची गाडी त्याने अक्कलकोटची म्हणून पुकारली आणि चढलेली माणसं शिव्या घालत उतरली.

शुभदाचं अंग तापलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, डेंग्यूसाठी रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही.

"अंगावर कुठे पुरळ, चट्टा?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," शुभदा म्हणाली. तिला दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. स्वतःची पाठ कोण बघतं?

धर्मपाल भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. ती गोष्ट चारचौघांत काढायची नव्हती. शुभदा बरी झाली, की घरात दोघंच असताना तो तिला विचारणार होता. कसं विचारायचं, तेही त्याने मनात जुळवून ठेवलं होतं.

संध्याकाळी तिचा फोन वाजला. पडद्यावर बुद्धभूषणचं नाव होतं. धर्मपालने उचलला.

"दादा, ताईंना द्या की जरा. आमची गौरम्मा, माळावर वाट दाखवायला असती ती, तिला बी..."

"झोपलीय ती."

"मग तुमीच ऐका. तिला ताप..."

"बरी झाली की करंल फोन," म्हणत त्याने फोन बंद केला. शुभदा खरं तर जागी होती. कुणाचा फोन, एवढं विचारण्याचंही त्राण तिच्यात नव्हतं.

उजाडता उजाडता तिला धाप लागली. रिक्षातून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. बाई डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला, कपाळाला आठ्या घातल्या. तेवढ्यात बुद्धभूषण आला. बुटांना माळाची माती, दाढी वाढलेली. शेजाऱ्यांकडून कळलं म्हणाला.

"मॅडम, आमच्यातल्या एका बाईला स्क्रब टायफस निघालाय. एकाच गवतात बसतो आमी सगळे."

डॉक्टर थांबल्या. "रानउंदरांच्या अंगावर बारीक किडे असतात. गवतातून माणसाला चावले, की हा जंतू अंगात जातो. चावल्या जागी काळी खपली धरते. हे आधी कुणी सांगितलं असतं तर..."

"कळवायचं राहून गेलं," बुद्धभूषण म्हणाला. त्याने धर्मपालकडे बघितलंही नाही.

डॉक्टरांनी नर्सला खूण केली. "सगळं अंग नीट बघा. काखेत, कमरेला..."

"पाठीवर हाय," धर्मपाल म्हणाला. "उजव्या खांद्याखाली."

नर्सने शुभदाला हलकेच कुशीवर वळवलं. खपली तिथेच होती.

"कधीपासून आहे?"

"ताप यायच्या आधीपासनं."

डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि औषध लिहायला घेतलं.

औषध लागू पडलं. ताप उतरला, धाप थांबली, आणि एका सकाळी शुभदाने आपणहून चहा मागितला. बशीत ओतलेला चहा धर्मपाल फुंकून देत होता.

"नर्सबाई सांगत हुत्या," ती म्हणाली. "ते तुमी आधीच बघितलं हुतं."

"व्हय."

"मला बोलला न्हाईत."

त्याने बशी पुढे केली. तिने घेतली नाही.

"गौरम्माच्या मांडीवर उठलं हुतं. नवऱ्यानं बघितलं आन तसाच गाडीवर घालून घेऊन आला तिला." ती थोडं थांबली. दम अजून पुरत नव्हता. "तुमी बघितलं आन इसरून गेला. तुमचं ध्यानच न्हाय माझ्याकडं. मी बोलती तवा बी नसतंय."

धर्मपालने तोंड उघडलं. इतक्या दिवसांत त्याने दुसऱ्या कशाकडे ध्यान दिलं नव्हतं. पण हे सांगायचं, तर सिगारेटचंही सांगावं लागलं असतं आणि फोनचंही.

"चुकलं," तो म्हणाला. "ध्यानातनं गेलं."

तिने डोळे मिटून घेतले. कानाकडे ओघळलेलं पाणी तिने स्वतःच पुसलं.

बाहेर व्हरांड्यात बुद्धभूषण शहाळं घेऊन उभा होता. आत यावं की नाही, अशा विचारात. धर्मपाल उठून दाराशी गेला.

"या," तो म्हणाला. "जागी हाय ती."

"तुमी, दादा?"

"मी हाय की हितंच."

बुद्धभूषण आत गेला. धर्मपाल बाहेरच्या बाकड्यावर बसला. दार पुरतं लागलं नव्हतं. फटीतून तिचा बारीक आवाज येत होता, शब्द मात्र कळत नव्हते. उठून दार लावून घ्यावं, की तसंच राहू द्यावं, हे काही त्याला ठरवता येईना.