बशीतलं पिवळं

मास्तरांनी उभा जन्म लोकांच्या कमरा मोजण्यात घालवला, स्वतःची मात्र कधी मोजली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चोपन्नाव्या वर्षी रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल दोनशे अडुसष्ट निघालं, आणि डॉक्टरीणबाईंनी गोळीचं नाव काढताच आमचा शिंपी हट्टाला पेटला.

"एकदा गोळी लागली की सुटत नाही. मला तीन महिने द्या."

"दिले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाणं बदला, रोज पाऊण तास चाला. आकडा उतरला नाही तर मुकाट्यानं गोळी घ्यायची."

हट्ट मास्तरांचा आणि राबणं बायकोचं, ही त्या घरची जुनीच वाटणी. तिनं त्यांच्यासाठी वेगळं भांडं चढवलं. उकडलेल्या भाज्या, ओट्स, तेल नावापुरतं. स्वतःसाठी आणि बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीसाठी रोजचा स्वयंपाक होताच. सकाळी ती दोन अंडी उकडायची, मधोमध कापून पिवळं काढायची आणि पांढऱ्या वाट्या तेवढ्या मास्तरांच्या बशीत ठेवायची. पिवळ्यावर मीठ भुरभुरून ती स्वतः पावाबरोबर खायची. दुधावरची साय, कोंबडीची कातडी, डब्यातलं उरलेलं लोणी, सगळं तिच्याच पोटात. "टाकायचं कशाला?" म्हणायची. अन्न वाया गेलेलं तिला खपत नसे.

पहिले चार दिवस ती त्यांच्याबरोबर चालायलाही गेली. मग म्हणाली, "दोन-दोन स्वयंपाक उरकून चालू कधी? तुम्हीच जा." मास्तर एकटेच जाऊ लागले. दर रविवारी दुकानात गळ्यातली टेप ते स्वतःच्या कमरेला लावत आणि आकडा खडूनं भिंतीवर लिहीत. आपल्याच पँटी आत घेताना त्यांना केवढा आनंद व्हायचा. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी कमरेची कथा ऐकावी लागे, मग शर्टाचं बोलणं.

दुसऱ्या महिन्यात रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉलचा आकडाही उतरू लागला होता. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, पण म्हणाल्या, "घरच्या बाईंचंही रक्त एकदा तपासून घ्या. या वयात बघायला हवं." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मास्तरांनी ती मापांच्या वहीत ठेवली.

घरी विषय काढला तर बायको हसली. "मला काय झालंय?"

मास्तरांनीही फार ताणलं नाही. खरं तर त्या दिवसांत पिशव्या घेऊन जिना चढताना ती मधल्या पायरीवर टेकायला लागली होती. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. वर थट्टाही केली होती, "बघ, माझा दम तुझ्यापेक्षा चांगला झाला." आपला शेवटचा रिपोर्ट हातात येऊ दे, मग हिचं बघू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

शेवटच्या तपासणीला आठ दिवस उरले असताना ती त्याच पायरीवर बसली, ती पुन्हा उठली नाही.

महिन्याभरानं मुलगी त्यांना बळेच दवाखान्यात घेऊन गेली. दोन दिवसांनी रिपोर्ट आणायला मास्तर एकटेच गेले. एकशे ब्याण्णव. गोळीची गरज उरली नव्हती. मास्तर जिंकले होते आणि ते जिला सांगायचं ती घरात नव्हती.

"ते पिवळं तिनं खाल्लं," ते म्हणाले. "रोज. माझ्या बशीतलं."

"पिवळ्यानं तीन महिन्यांत असं होत नाही, मास्तर," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला. त्यांचं दुखणं आधीपासूनचं असणार. कुणी पाहिलं नाही, इतकंच."

बिचारीनं समजूत घालायला म्हणून सांगितलं. पण मास्तरांना ते शेवटचं वाक्य कायमचं लागलं, कारण कुणी पाहिलं नाही हे त्यांना ठाऊक होतं. चिठ्ठी अजून मापांच्या वहीतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः अंडी उकडली. सवयीनं पिवळं बाजूला काढून तिच्या छोट्या बशीत ठेवलं, आणि ती बशी कुणापुढे सरकवायची ते न कळून ते ओट्यापाशीच रडत उभे राहिले.

मुलगी बँकेत जायला तयार होऊन आली. तिनं बशी ओढली, मीठ भुरभुरलं. "द्या, मी खाते. टाकायचं कशाला?"

मास्तरांनी तिच्या हातातून बशी काढून घेतली आणि पिवळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्या घरात अन्न टाकलं गेलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

"उद्या सकाळी काही खाऊ नकोस," ते म्हणाले. "तुझं रक्त तपासायला जायचंय."

"बाबा, मला काय झालंय?"

अगदी आईसारखंच म्हणाली ती. मास्तरांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"काही झालेलं नाही, म्हणूनच जायचं."

ती निघाली तसे ते तिच्या मागोमाग दारापर्यंत गेले, आणि मधली पायरी ओलांडून ती थेट खाली पोचेपर्यंत बघत राहिले.