अकरा सेकंदांचे चालणे

पांढुर्ण्याच्या त्या घरात रविवारची सकाळ कोन मोजण्याने सुरू होई. उच्च माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या दिलीपरावांनी शाळेतून एकच वस्तू मागून आणली होती : फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक. दिवाणावर पाय लांब करून बसलेल्या वृषालीच्या उजव्या गुडघ्याशी ते तो धरत. ती ओठ मिटून टाच जमेल तेवढी मागे ओढी आणि ते आकडा वाचत.

“अडुसष्ट.”

“मागच्या रविवारीही अडुसष्टच होता, बाबा.”

“हो. म्हणजे मोजणी बरोबर आहे.”

ती हसली. स्वयंपाकघरातून तिच्या आईने, उर्मिलाबाईंनी, चहा तयार असल्याचे सांगितले आणि कोनमापक कपाटामागे गेला.

दीड वर्षापूर्वी वृषाली सौंसरच्या एका खासगी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. एका सकाळी बसमधून उतरून शाळेकडे चालत असताना संत्र्यांच्या पेट्या भरलेल्या पिकअपने तिला मागून उडवले. मांडीचे हाड दोन ठिकाणी तुटले, गुडघ्याच्या सांध्याचा चुरा झाला. नागपूरला तीन शस्त्रक्रिया झाल्या. पाय वाचला, मात्र तो अडीच सेंटीमीटर आखूड झाला आणि अडुसष्ट अंशांपुढे वाकेनासा झाला. काठीवाचून ती घरातल्या घरात, तेही भिंतीला धरून, चालू शकत असे. पाच-सहा वर्षांत सांधा बदलावाच लागेल, असे डॉक्टरांनी लेखी दिले होते. त्यासाठीच मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे तिचा भरपाईचा दावा चालू होता. दावा बुडाला तर सांधा बदलता येणार नव्हता, आणि सांधा बदलला नाही तर वृषाली चालणार नव्हती. यात कोणतीही गुंतागुंत नव्हती.

गुंतागुंत दुसरीकडे होती. वृषाली सत्तावीस वर्षांची होती. समाजाच्या वधू-वर गटात तिचा परिचय गेला होता, आणि त्याच्या शेवटच्या ओळीत ‘शारीरिक व्यंग’ या शब्दांपुढे दिलीपरावांनी स्वतःच्या बोटांनी ‘निरंक’ असे टंकित केले होते. त्यांनी अनेक परिचय वाचले होते; या जागी दुसरा शब्द एकदाही पाहिला नव्हता. एवढ्या मोठ्या समाजात एकाही मुलीला कसलेच व्यंग नसावे, ही संख्याशास्त्रीयदृष्ट्या अशक्य गोष्ट आहे, हे विद्यार्थ्याच्या वहीत त्यांनी तत्काळ पकडले असते. मुलीच्या परिचयपत्रात पकडले नाही.

सौंसरच्या ऋषिकेशचे स्थळ आले तेव्हा सगळे जुळत होते. मुलगा सरकारी नोकरीत होता, घर सुशिक्षित होते. अपघाताची कुणकुण त्यांच्या कानावर गेली होती, म्हणून त्यांनी सभ्य भाषेत एवढेच कळवले, की मुलीचा चालतानाचा एक छोटा व्हिडिओ पाठवावा. अशी मागणी नवीन नव्हती. पूर्वी मुलीला घरात चालून दाखवायला लावत. आता तेच काम मोबाइल करत होता.

दिलीपरावांचे थोरले भाऊ कवडूभाऊ यांनी लगेच जबाबदारी घेतली. त्यांच्या मुलाच्या, प्रफुल्लच्या, हळदीला सारे घर जमणारच होते.

“पोरीले चालता येते एवढं दिसलं म्हणजे झालं,” ते म्हणाले. “लग्न झाल्यावर कोण पट्टी घेऊन मोजते?”

कवडूभाऊंच्या स्वतःच्या कपाळावर तीन बोटे रुंद खूण होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड चालवतात, त्या गोटमारीत तरुणपणी मिळालेली. नवा पाहुणा आला की ते टोपी मागे सारून ती दाखवत, दगड कोणत्या बाजूने आला तेही सांगत. पुरुषाची जखम मिरवायची आणि मुलीची झाकायची, हा भेद त्यांना कधी दिसला नाही. तोवर दिलीपरावांनाही दिसला नव्हता.

हळदीच्या सकाळी, पाहुणे यायच्या आधी, कवडूभाऊंच्या अंगणात चित्रीकरण झाले. तासाभरापूर्वी वृषालीने वेदनाशामक गोळी घेतली होती. कवडूभाऊंची मुलगी तृप्ती चौकटीबाहेर काठी धरून उभी होती. मोबाइल दिलीपरावांच्या हातात होता, कारण त्यांचा हात स्थिर होता. चौदाव्या प्रयत्नात जमले. पिवळी साडी, सात पावले, एक वळण, एक हसू. अकरा सेकंद. तृप्तीने त्यावर गाणे चढवून तो सौंसरला पाठवायला दिला आणि कौतुकाने स्वतःच्या इन्स्टाग्रामवरही टाकला. खाली लिहिले, ‘आमची ताई पुन्हा पहिल्यासारखी.’ ते वाक्य कोणाला खटकले नाही. सगळ्यांनी त्याला लाल बदाम दिले. ऋषिकेशच्या घरून होकाराचा निरोप आला.

या गोष्टीला तीन महिने झाले होते. कोन मोजलेल्या त्या रविवारानंतर चौथ्या दिवशी वृषालीची साक्ष होती.

पांढुर्णा मध्य प्रदेशात असल्याने न्यायालयाचे काम हिंदीत चालत असे. विमा कंपनीचे वकील अत्यंत सौम्य गृहस्थ होते. त्यांनी तिला बसून उत्तरे देण्याची परवानगी मागून दिली, तब्येत विचारली. मग मोबाइल जोडून भिंतीवरच्या पडद्यावर ते अकरा सेकंद दाखवले. गाण्यासकट.

“वीडियो में आप ही हैं?”

“जी.”

“दुर्घटना के बाद का है?”

“जी.”

“बिना सहारे चल रही हैं?”

वृषालीने पडद्याकडे पाहिले. पडद्यावरची मुलगी तिच्याकडे पाहून हसत होती.

“जी,” ती म्हणाली.

वकिलांनी खालचे वाक्यही वाचून दाखवले, नोंदवून घेतले आणि आभार मानले. पुढची तारीख दिलीपरावांच्या साक्षीसाठी पडली.

दिलीपराव भुते मानत नसत. हळदीच्या पाण्यात चुना कालवून बुवाबाबांचे ‘रक्त’ कसे होते, ते त्यांनी शाळेत दरवर्षी करून दाखवले होते. तरी त्या दिवसानंतर घरात जे सुरू झाले त्याला दुसरा शब्द त्यांना सापडेना. घरात दोन मुली राहू लागल्या. एक दिवाणावर बसलेली असे. दुसरी नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या, कधीही न भेटलेल्या माणसांच्या हातात सात पावले चाले, वळून हसे आणि न थांबता पुन्हा पहिल्या पावलापासून सुरू होई. तिला दुखत नसे. ती थकत नसे. तृप्तीने रडून माफी मागितली आणि व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो ज्याच्या-त्याच्याकडे साठून राहिला होता. दूध द्यायला येणारी बाईसुद्धा दारातून विचारी, की चालणारी पोरगी आज दिसत नाही. शेजारून ते गाणे ऐकू आले की वृषाली उठून आतल्या खोलीत जाई. काठी, पाऊल, मग पायाची ओढ. तो आवाज दिलीपरावांना भर दुपारी, ती झोपलेली असतानाही, येऊ लागला.

“बाबा,” ती एकदा जेवताना म्हणाली, “लोक तिलेच ओळखून राहिले. मी गेली तर विचारतील, ही कोण आली.”

उर्मिलाबाईंनी ताट सारले. त्यांनी तिच्या जन्मापासून तिला पाहिले होते आणि गेले काही दिवस त्यांचीही नजर मुलीच्या पायावरून घसरून दुसरीकडे जात होती.

साक्षीच्या दोन दिवस आधी कवडूभाऊ आले. सौंसरहून नवा निरोप होता : न्यायालयात मुलीला कायमचे अपंगत्व असल्याचे म्हणत असाल, तर आम्हाला विचार करावा लागेल. कवडूभाऊंना यातून मार्ग दिसत होता. दावा मागे घ्यावा. किंवा, मागे घ्यायचा नसेल तर दिलीपने साक्षीत सांगावे, की पोरगी गोंधळली, व्हिडिओ अपघाताच्या आधीचा आहे.

“व्हिडिओ प्रफुल्लच्या हळदीचा आहे, दादा. लग्नपत्रिकेवर तारीख छापली आहे,” दिलीपराव म्हणाले.

“तारीख कोण पाहून राहिलं, बाप्पा? तू मास्तर माणूस. तुझ्यावर साहेबाचा विश्वास बसते.”

तोच तर प्रश्न होता. वृषाली दिवाणावरून बोलली. तिचा आवाज चढला नाही.

“मोठे बाबा, मले एक सांगा. मी त्या घरात कोणता पाय घेऊन जायचं? सांधा बदलायची वेळ आली का ऋषिकेशले काय सांगू? लग्नात होता तो पाय माहेरी राहिला म्हणून?”

कवडूभाऊ हसू लागले आणि मध्येच थांबले.

“सौंसरले मी आजच फोन करते,” ती पुढे म्हणाली. “जसं आहे तसं सांगते. मग त्यांनी हो म्हणावं नाहीतर नाही म्हणावं. आणि दावा मी सोडत नाही. तो माझा पाय आहे, समाजाचा नाही.”

तिने खरोखरच फोन केला. पलीकडून ऋषिकेशच्या आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि कळवतो म्हणाल्या. त्यांनी पुन्हा कधी कळवले नाही.

कवडूभाऊ गेल्यावर वृषालीने विचारले, “बाबा, बाकीचे कुठं आहेत?”

“कोणते?”

“बाकीचे तेरा.”

दिलीपरावांनी ते पुसले नव्हते. प्रयोगात उत्तराशी जुळणारे वाचन ठेवून बाकीची खोडणाऱ्या विद्यार्थ्याचे ते निम्मे गुण कापत. ती सवय बोटांत उरली होती, एवढेच. पण तेरा तुकडे त्यांनी नंतर उघडलेही नव्हते. त्यांत काय आहे ते त्यांना ठाऊक होते. चौदाव्यावर गाणे होते. बाकीच्यांवर नव्हते.

“त्यात माझा आवाज आहे, बेटा,” ते म्हणाले.

“माझं पडणंही आहे,” वृषाली म्हणाली.

न्यायाधीश बाईंनी तेराही तुकडे पाहण्यास परवानगी दिली. विमा कंपनीच्या वकिलांनी हरकत नोंदवली आणि तेही पाहू लागले. पहिल्या तुकड्यात पिवळ्या साडीतली मुलगी तीन पावले टाकून खुर्ची धरते. चौकटीबाहेरून पुरुषाचा आवाज येतो, “पुन्हा.” दुसऱ्यात उजवा पाय वाकत नाही, ती कमरेतून कलते. “पुन्हा.” चौथ्यात तिच्या कपाळावरचा घाम दिसतो, आवाज तो पुसायला सांगतो. सातव्यात ती पडते. साडीचा काठ सरकून शस्त्रक्रियेचा व्रण उघडा पडतो आणि सर्वांत आधी तोच झाकला जातो. तिला नंतर उचलतात. नवव्यात ती पुन्हा पडते, जमिनीला हात टेकून उठू लागते, आणि तिच्या आईचा आवाज ऐकू येतो, “राहू द्या ना आता.” त्यावर पुरुषाचा आवाज, शांत, स्पष्ट, वर्गात प्रयोग समजावून सांगावा तसा : “गोळीचा असर आहे तोवर करून घेऊ. बेटा, चेहऱ्यावर दुखणं येऊ देऊ नको. पुन्हा.”

न्यायाधीश बाईंनी हात वर करून चित्र थांबवले.

“यह आवाज़ किसकी है?”

साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून दिलीपरावांना मुलगी दिसत होती. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती पडद्यावर जमिनीला हात टेकून अर्धवट उठलेल्या मुलीकडे पाहत होती, आणि अनेक आठवड्यांनी प्रथमच तिने नजर हटवली नव्हती.

“मेरी,” ते म्हणाले.

टंकलेखकाने ते टाइप केले.

मग विमा कंपनीचे वकील उठले. ते अजूनही सौम्यच होते. साक्षीदाराने मुलाकडच्यांना फसवण्यासाठी खोटा व्हिडिओ तयार केला, हे त्याला मान्य आहे काय? दिलीपरावांनी मान्य असल्याचे सांगितले. मग अशा माणसाच्या शब्दावर न्यायालयाने का विश्वास ठेवावा? प्रश्न योग्य होता. दिलीपरावांनीही तोच विचारला असता. त्यांनी उत्तर दिले, की माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नये, आणि त्या व्हिडिओवरही ठेवू नये. गोळी न देता, वैद्यकीय मंडळासमोर, पाय मोजावा.

वृषालीची नव्याने तपासणी करण्याचा आदेश झाला. निकाल लागला नव्हता. दावा बुडालेला नव्हता.

बाहेर व्हरांड्यात वृषाली बाकावर बसली. न वाकणारा पाय समोर पसरला होता, जाणारे-येणारे वळसा घालून जात होते. दिलीपराव भिंतीशी उभे राहिले.

मागच्या बाकावर बसून सगळे ऐकलेले मधुकर त्यांच्याजवळ आले. समाजातलेच, कापसाचे व्यापारी, जमिनीच्या कामासाठी न्यायालयात आले होते. त्यांचे डोळे ओले होते. फार वाईट वाटले, असे ते म्हणाले, आणि खरेच त्यांना वाटले होते. मग त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणला.

“सर, एक विचारायचं होतं. आमच्या भाचीचा डोळा जरासा तिरपा आहे. फोटोत येऊन राहिलं ते. स्थळं परत जाऊन राहिली. तुमच्या तृप्तीले म्हटलं तर ती व्हिडिओ बरोबर बसवून देईल का?”

या माणसाने आत ते तुकडे पाहिले होते. त्यांतून त्याला जे शिकायला मिळाले ते हे होते. आणि तीन महिन्यांपूर्वी त्याच्या जागी उभे असते तर आपणही हेच विचारले असते, हे दिलीपरावांना नेमके ठाऊक होते.

“काका,” वृषालीने बाकावरून विचारले, “भाचीचं नाव काय?”

“गायत्री.”

“गायत्रीचा नंबर द्या. तृप्तीचा नका मागू.”

मधुकर चाचरले. हा विषय आम्ही तिच्यासमोर काढत नाही, ते म्हणाले. तिला वाईट वाटते. मग त्यांनी दिलीपरावांकडे पाहिले, एका जाणत्या माणसाने दुसऱ्याकडे पाहावे तसे, मुलीला आवरा म्हणून.

“द्या नंबर,” दिलीपराव म्हणाले. “आणि त्या परिचयपत्रातली शेवटची ओळ गायत्रीलाच लिहू द्या. मी माझ्या मुलीची लिहिली होती. ती किती महागात पडली, ते तुम्ही आत पाहिलं.”

मधुकरांनी सावकाश खिशातून मोबाइल काढला आणि आकडे वाचू लागले. पाच वाचून ते थांबले.

वृषालीने मान वर केली नाही. अंगठा तसाच आपल्या मोबाइलच्या पडद्यावर धरून ती म्हणाली, “पुढं?”