मुरलेलं पेट्रोल

प्रतिभाचं एक वागणं ठमाबाईला अजिबात पसंत नव्हतं. ती भांडत नसे.

सून म्हटल्यावर चार शब्द उलटून बोलावेत, भांडं आपटावं, निदान तोंड तरी वाकडं करावं. ही आपली कशालाही, "बरं, आई." मेथीत मीठ जास्त झालं म्हणावं, "बरं, आई." यंदा माहेरी जायचं नाय म्हणावं, "बरं, आई." आणि मग तिला जे करायचं ते शांतपणे करून मोकळी. ठमाबाईच्या तोंडाला मखमलाबादचं अख्खं शिवार वचकून असे, पण घरात तिचे फार हाल होत. समोरून शब्दच आला नाही तर माणसानं बोलायचं तरी किती? स्वतःच बोलायचं, स्वतःच ऐकायचं आणि दमल्यावर स्वतःच उठून पाणी प्यायचं.

परवा तर या 'बरं, आई'नं तिचा पार घात केला.

वस्तीवरच्या सगळ्यांची फुलं बाजारात जात ती शेजारच्या कलाबाईच्या टेम्पोतून. त्या दिवशी कलाबाईनं ठमाबाईच्या झेंडूचे क्रेट सगळ्यात खाली रचले आणि वर स्वतःची शेवंती ठेवली. झेंडूचा चेंदामेंदा झाला. ठमाबाई बांधावर उभी राहून जी सुरू झाली ती कलाबाईच्या सासरचा, माहेरचा आणि टेम्पोच्या चारही चाकांचा उद्धार करूनच थांबली. थांबलीही नसती, पण बोलायला काही उरलं नाही. आणि बोलायला काही उरत नाही तेव्हाच माणसाच्या तोंडून नको ते जातं.

"दसऱ्याला माझा झेंडू माझ्या घरच्या गाडीतून जाईल! तुझ्या त्या डबड्याला हात लावला तर नावाची ठमा नाय!"

घरची गाडी म्हणजे व्हॅन. ठमाबाईचे मालक, लहानूबाबा, ती चालवायचे. ते गेल्यापासून दोनेक वर्षं ती गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. टपावर कोंबड्या बसायच्या आणि किल्ली ठमाबाईच्या कमरेच्या पिशवीत असायची. मुलगा भारत सातपूरला कंपनीत मोटारसायकलवर जाई. चारचाकी रस्त्यावर काढायची म्हटलं की त्याला घाम फुटे. प्रतिभाला मात्र गाडी येत होती. लग्नाआधी नाशिकरोडला शिकली होती, लायसनही होतं. पण तिनं कधी किल्ली मागितली नाही आणि ठमाबाईनं कधी दिली नाही. मागितली असती तर 'नाय' म्हणायची केवढी तयारी करून ठेवली होती! ती सगळी फुकट गेली.

तर ठमाबाई घरात आली आणि झालेलं सगळं सुनेला सांगून वाट बघत बसली. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, 'अहो आई, गाडी बंद आहे, असं कसं बोलून आलात?' मग ठमाबाई कडाडली असती, भांडण पेटलं असतं आणि त्या धुरात तो शब्द कुठल्या कुठं हरवला असता. 'काय करू बाई, सूनच नको म्हणते,' असं कलाबाईला सांगताही आलं असतं.

प्रतिभा म्हणाली, "बरं, आई."

झालं! आता गाडी चालू होणं भाग होतं. दसरा तोंडावर आलेला, शेतात झेंडू नुसता पेटलेला. गाडी हलली नाही तर एकच वाट उरत होती. कलाबाईच्या दारात उभं राहून 'जागा हाय का गं टेम्पोत?' असं विचारायचं. त्यापेक्षा ठमाबाईनं सगळा झेंडू गाईपुढे टाकला असता.

भारतनं नवी बॅटरी आणून बसवली, चाकांत हवा भरली. प्रतिभानं टपावरची कोंबड्यांची घाण खरवडून धुतली, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि वास घेतला.

"आई, पेट्रोल खराब झालंय."

"खराब व्हायला ती काय पालेभाजी हाय?"

"जास्त दिवस पडून राहिलं की होतं. हल्लीचं पेट्रोल हवेतलं पाणीही ओढतं. ते आत मुरलं असणार."

"मुरलं ना? मग झालं की! मुरलेलं ते चांगलं."

ठमाबाईच्या घरात जुनी वस्तू म्हणजे मानाची. घोटीहून आणलेला तांदूळ वर्ष उलटल्याशिवाय ती चुलीवर चढू देत नसे; नव्या तांदळाचा भात खाणारी माणसं तिला उतावळी वाटत. चिंच काळी पडावी, गूळ काळा पडावा, लोणच्याचा खार दाट व्हावा, मग त्यांना चव येते. पेट्रोलनं तेवढं वेगळं का वागावं?

शिवाय हे पेट्रोल काही असंतसं नव्हतं. मालकांचं तेरावं झाल्यावर तिनंच भारतला मोटारसायकलवरून पंपावर पाठवून कॅननं पेट्रोल आणवलं होतं आणि टाकी काठोकाठ भरायला लावली होती. तिच्या घरात पिठाचा डबा कधी पुसून रिकामा होत नसे, देवघरातल्या करंड्यात चिमूटभर कुंकू राहायचंच. मग मालकांची गाडी तेवढी रिकाम्या पोटी उभी ठेवायची? टाकी भरली, सुनेकडून हळदकुंकू वाहून घेतलं, कुलूप घातलं. मालक जिवंत असताना त्यांना तिनं इतक्या काळजीनं कधी जेवायला वाढलं होतं असं मात्र कुणी म्हणणार नाही.

"मी जमीलभाईंना फोन केलाय," प्रतिभा म्हणाली. जमील हा पंचवटीतला मेकॅनिक, लहानूबाबांच्या वेळेपासूनचा. "दसऱ्यामुळे त्यांच्याकडे गाड्यांची रांग आहे. दुपारी येतो म्हणाले. तोवर चालू करायला जाऊ नका, घाण सगळी पुढे जाईल, असं बजावलंय त्यांनी."

'करायला जाऊ नका' हे ठमाबाईला आयुष्यभर 'करा' असंच ऐकू येत आलं होतं. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि किल्ली भारतच्या हातात ठेवली.

"मार चावी."

"आई, पण प्रतिभा म्हणते..."

"तुझी आई कोण हाय रे? ती का मी?"

भारतनं चावी मारली. गाडी खोकली. पुन्हा मारली. दम्याच्या म्हाताऱ्यासारखी ती वरखाली झाली, मागून पांढरा धूर सोडला आणि घरघरायला लागली. ठमाबाईनं लगेच बांधाकडे तोंड करून आरोळी ठोकली, "झाली चालू! झाली गं बाई चालू!" आणि त्याच क्षणी गाडी गचकन मेली. बांधापलीकडून कलाबाईचं हसू आलं. धुराला दाराला मारायच्या वॉर्निशसारखा वास येत होता.

ठमाबाईनं सुनेकडे बघितलं. 'सांगितलं होतं ना' एवढं तरी म्हण की बाई!

"आता टाकी रिकामी करावी लागेल," प्रतिभा म्हणाली. "पडवीत रॉकेलचा हातपंप असेल, तो आणते."

"पंप कशाला? सरक."

ठमाबाईनं पदर खोचला. पिंपातलं पाणी वाफ्यात सोडायचं असलं की ती नळीचं एक टोक पिंपात बुडवायची आणि दुसरं तोंडात धरून एकदाच ओढायची. पाणी आपोआप धावत यायचं. पेट्रोल तरी काय, पातळच ना? प्रतिभा पडवीकडे वळली तोवर हिनं ठिबकच्या नळीचा तुकडा टाकीत सोडलाही आणि ओढलंही.

पेट्रोल आलं. मोठ्या आज्ञाधारकपणे आलं, थेट जिभेवर.

"आई!"

हा आवाज या घरात कुणी ऐकलेला नव्हता. कोंबड्या फडफडत पळाल्या. प्रतिभा पंप टाकून धावत आली, सासूच्या हातातली नळी हिसकून तिनं लांब भिरकावली आणि तिची मान धरून खाली वाकवली.

"थुंका! गिळू नका, थुंका आधी! अक्कल आहे का नाही तुम्हाला? वय काय, करता काय! पाणी घ्या, चूळ भरा. पुन्हा. पुन्हा भरा म्हटलं ना! अहो, तुम्ही बघताय काय नुसते? डॉक्टरांना फोन लावा!"

उत्तर द्यायला ठमाबाईनं तोंड उघडलं, पण जीभ अशी पोळली होती की शब्दाऐवजी नुसती वाफ निघाली. घशाखाली काही गेलं नव्हतं हे नशीब. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, उलटी काढायला जाऊ नका, खोकला किंवा दम लागला तर ताबडतोब घेऊन या, आणि आज त्यांना बोलू देऊ नका. हे शेवटचं भारतनं जरा जास्तच उत्साहानं सांगितलं असं ठमाबाईला वाटलं.

मग ती बाजेवर बसून राहिली, गालात गार ताक धरून. दुसऱ्यांच्या वरणातल्या मिठाला नावं ठेवण्यात जन्म गेलेल्या जिभेला आता खोटं बोलता येईना. पेट्रोल नासलं होतं. चांगल्या पेट्रोलची चव कशी असते हे तिला ठाऊक नव्हतं, पण ही नव्हे, एवढं नक्की.

प्रतिभानं हातपंपानं टाकी उपसली. काळ्या चहाच्या रंगाचं पेट्रोल कॅनमध्ये पडत राहिलं. थोडं तिनं काचेच्या बाटलीत घेऊन सासूसमोर ठेवलं. जरा वेळानं ताकावर निवळ यावी तसे त्यात दोन थर दिसायला लागले, फक्त इथं पाणी तळाला होतं. म्हणजे खरंच पाणी मुरलं होतं. सून काहीतरी लपवते, कुठंतरी पाणी मुरतंय, असा संशय ठमाबाईनं या पोरीवर किती वर्षं घेतला! आणि मुरत होतं ते तिच्याच राखणीत.

तरी हार मानेल तर ती ठमाबाई कसली. एवढं पेट्रोल वाया घालवायचं? तिनं हातानं खूण केली, बांधावरच्या गाजरगवतावर ओता. 

"नाही."

तिनं दुसरी खूण केली, आंघोळीच्या बंबात, लाकडं पेटवायला.

"बंबात? घर पेटवायचंय का? आणि बांधावर ओतलं तर विहिरीत उतरेल. नाही म्हणजे नाही, आई!" प्रतिभाचा आवाज चढला. एकदा वाट मोकळी झाल्यावर मागचंही धावत आलं. "दोन वर्षं किल्ली कमरेला लावून बसलात. आठवड्याला एक फेरी मारू दिली असती तर आज ही वेळ आली असती का? मामंजींची गाडी सांभाळताय म्हणे! सांभाळलीत की कुजवलीत?"

ठमाबाईकडे याला एकाहून एक सरस उत्तरं होती. जीभच जागेवर नव्हती. तिनं ताक गिळलं.

दुपारी जमील आला. बाजेवरच्या मुक्या ठमाबाईकडे बघून तो दारातच थबकला.

"काय झालं चाचींना? मला बघून एक शिवी नाही?"

"पेट्रोल चाखलं त्यांनी," प्रतिभा म्हणाली.

"या अल्ला! कसं होतं, चाची?"

ठमाबाईनं हाताशी असलेली चप्पल उचलली. त्यावरून तिची तब्येत ठीक आहे हे जमीलला कळलं. त्यानं नळ्या साफ केल्या, फिल्टर बदलला, कार्बोरेटर खोलून आतला चिकटा काढला. भारतनं पंपावरून ताजं पेट्रोल आणलं. जुन्याचे कॅन जमील जाताना घेऊन गेला. गॅरेजमधलं खराब ऑइल नेणारा माणूस असतो, त्याला देतो म्हणाला. ऊन उतरायच्या आत गाडी चालू झाली. या वेळी ठमाबाईनं बांधाकडे तोंड करून आरोळी मारली नाही. मारता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता झेंडूचे क्रेट मागं भरले. ठमाबाईनं रात्री पुन्हा कमरेला गेलेली किल्ली काढली, जरा मुठीत धरली आणि सुनेपुढे केली. प्रतिभानं ती घेतली. सासू शेजारच्या सीटवर चढून बसली.

रात्रभरात जीभ बरी झाली होती, आणि तिचं बरंच काम साठलं होतं.

"गियर बदल. अगं, खड्डा हाय पुढं. हारन दे. त्या कुत्र्याला हारन दे. मालक इथं उजवीकडनं घ्यायचे. ब्रेक! ब्रेक दाब!"

मळ्यातून रस्त्याला लागायच्या वळणावर कलाबाईचा टेम्पो भरत होता. प्रतिभानं नेमकी तिथंच गाडी थांबवली.

"आई, गाडी मी चालवतेय. गप्प बसायचं असेल तर बसा. नाहीतर इथं उतरा आणि कलाबाईंच्या टेम्पोतून या."

कलाबाईच्या हातातलं क्रेट हवेतच राहिलं. ठमाबाईनं पदर सारखा केला, समोरच्या काचेतून नीट पुढं बघितलं. गाडी पुन्हा सुरू झाली, टेम्पो मागं पडला, तरी ती बोलली नाही. गोदावरीचा पूल दिसायला लागला तेव्हा तिनं सुनेकडे मान वळवली.

"तू आलीस तवापासून मला एकच घोर होता, प्रतिभा. माझ्यामागं या घरात तोंड उघडणारं कोण उरंल? आता डोळं मिटायला मी मोकळी. आज नाय मिटत, तेवढी आशा नको करू. आन् गाडी अशी हाकलीस तर हा झेंडू दसऱ्याला नाय, दिवाळीला पोचंल."