यंदा खडा टोचला नाही

"मॅडम, जाड माणसाला तपासायचं कशाला? दिसतंच की!"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून अक्षताने सोसायटीच्या हॉलमध्ये भरलेल्या आरोग्य शिबिरात खणखणीत आवाजात हा प्रश्न टाकला. वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून बाईसाहेबांना गर्दीची भीती कसली ती उरली नव्हती! अख्खा हॉल हसला. हसली नाही फक्त तिची आई, सुचिता. ती वजनकाट्याच्या रांगेत उभी होती. शिबिराच्या डॉक्टर, डॉ. उत्कर्षा, उत्तर द्यायला उठेपर्यंत आई चपला सरकवून निघूनही गेली.

शिरवणे गावातल्या घरी अक्षता तिच्या मागे लागली, "चल ना परत. मस्करी केली गं!"

"नको बाय. चार बायांत शोभा झाली ती पुरे. आन् मना काय धाड भरली? खात्यापित्या घरची हाय मी."

पप्पा, म्हणजे कमळाकर, ढेकर देत म्हणाले, "बरोबर! आजारी मानूस सुकतो, असा भरतो काय?"

विषय तिथेच संपला.

नवरात्र आलं. रिवाजाप्रमाणे आईने चपला सोडल्या. एरवी तिचे तळवे दुखून यायचे. "यंदा खडापन टोचत नाय," ती शेजारणींना सांगे, "देवीची किरपा!" शेजारणी हात जोडत.

दसऱ्याला अक्षता रांगोळी काढायला बसली आणि किंचाळली. फरशीवर आईच्या पावलापावलाला रक्त! बोटांखाली काच रुतलेली, भोवतीचं मांस काळं पडलेलं. आणि आई खुशाल दाराला तोरण बांधत होती!

दवाखान्यात डॉ. उत्कर्षाच होत्या. "साखर कधीपासून वाढलीय कोण जाणे. तिने पायाच्या नसा मारल्यात. ही कृपा नव्हे, बधिरपणा आहे."

आईची दोन बोटं कापावी लागली.

"मॅडम, मी तेव्हा..." अक्षता म्हणाली.

"वजन दिसतं गं," डॉक्टर म्हणाल्या. "साखर दिसत नाही, रक्तदाब दिसत नाही, म्हणून तर तपासायचं! पण ज्याला आपण हसतो, तो रांगेत कशाला उभा राहील?"

आई पट्टीकडे बघत होती. मुठीत तिने जोडवी धरली होती. "ही आता घालू कशात?" तिने विचारलं.

वाचकहो, कुणाच्या अंगाला हसणं ही मस्करी नव्हे. त्या हसण्याने माणूस औषधापासून लांब पळतो. आणि भरलेलं अंग म्हणजे तब्येत, हा भ्रम तर त्याहून घातकी!

अक्षताने डोळे पुसले. "पप्पा, उद्या उपाशीपोटी तुमी रक्त तपासायला चलायचं."

"मी? माजा पोट बघून लोक हसतील गो."

"हसू देत. तुमच्या पुढं मी उभी राहीन. आई, तू पण ऐक. पप्पांची तपासणी झाल्याशिवाय मी शाळेत जायची नाय. माझं ठरलंय!"