आता पापण्या मिटा

"हनुवटी वर करा. थोडी. अहो, थोडी म्हटलं, छताकडे काय बघताय?"

"आपोआप... गेली," पेंटर म्हणाले.

पेंटरीणबाईंनी डाव्या हाताने त्यांची हनुवटी खाली आणली, उजव्या हातातला मोबाइल त्यांच्यासमोर धरला आणि श्वास रोखला. त्यांनी श्वास रोखण्याची काही गरज नव्हती, पण दोघांपैकी एकाने तरी स्थिर राहायला हवं होतं. पडद्यावर एक गोल आला. गोलात पेंटरांचा चेहरा आला. 'चेहरा स्थिर ठेवा,' मोबाइल म्हणाला. मग म्हणाला, 'आता पापण्या मिटा.'

पेंटर बघत राहिले.

त्यांना ऐकू आलं होतं, कळलंही होतं. पण डोक्यातून निघालेला हुकूम पापण्यांपर्यंत पोचता पोचत नव्हता. तो पोचायच्या आधीच मान लटलटायला लागली, चेहरा गोलाच्या बाहेर गेला आणि पडदा लाल झाला. 'पडताळणी अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा.'

"झालं?" पेंटरांनी विचारलं.

"झालं कुठलं."

पेंटरांना कंपवात होता. या आजाराची तऱ्हाच उफराटी. हात थांबवायचा म्हटलं तर थांबत नाही आणि पापणी हलवायची म्हटलं तर हलत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, की माणूस यात टक लावून बघायला लागतो, चेहरा कोरा होतो, घरच्यांनी मनाला लावून घेऊ नये. पेंटरीणबाईंनी मनाला लावून घेतलंही नव्हतं. पण सरकारी मोबाइल-सेवेला हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

पेंटर म्हणजे बांधकाम खात्याचे पेंटर. गावातल्या निम्म्या कचेऱ्यांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. दोरी न धरता सरळ ओळ लिहायचे आणि शिडीवरून खाली उभ्या असलेल्या साहेबांची टिंगल करायचे. लोक त्यांना नावाने कधी ओळखतच नव्हते, म्हणून बायकोचीही आपसूक पेंटरीणबाई झाली. त्या घरी बसून शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी शिवत. कॉलरींवर घरभाडं आणि चूल चाले. बाकीचं सगळं, म्हणजे मुख्यतः पेंटरांच्या गोळ्या, पेन्शनवर.

पेन्शन चालू राहायची तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे, एवढंच सिद्ध करायचं. पूर्वी कचेरीच्या खिडकीशी जाऊन सही केली की काम व्हायचं. यंदा खिडकी बंद झाली आणि जिवंत असणं मोबाइलवर आलं. पेंटरांचा दाखला गेला नाही म्हणून पेन्शन थांबली. पेन्शन थांबली म्हणून गोळ्या अर्ध्या झाल्या. अर्ध्या गोळीने चेहरा आणखी दगड झाला, आणि दगडाच्या पापण्या मिटत नाहीत म्हणून दाखला जाईना.

खालच्या मजल्यावरच्या मास्तरांचा दाखला चहा निवायच्या आत गेला होता. "मोठी सोय झाली हो," ते जिन्यात भेटेल त्याला सांगत. त्यात खोटं काही नव्हतं. मागच्या वर्षी रांगेत ते चक्कर येऊन पडले होते, गुडघा फुटला होता. यंदा खुर्चीतून उठावंसुद्धा लागलं नाही. "सोपं आहे पेंटरीणबाई. डोळे मिटायचे, उघडायचे. लहान मूलही करेल."

"लहान मुलाला पेन्शन नसते मास्तर," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

शेवटी त्यांनी पेंटरांना कचेरीत नेलं. दोन शेजाऱ्यांनी खुर्चीसकट खाली उतरवलं, रिक्षात कोंबलं. बंद खिडकीच्या जागी आता काचेचा मदत कक्ष होता. आत एक तरुण कारकून बसला होता, आणि तो वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"हे बघा, हे जिवंत आहेत," पेंटरीणबाई म्हणाल्या.

"दिसतंय ना काकू."

"मग लिहा तसं."

"कुठे लिहू? रजिस्टर गेलं. इथे त्याला रकानाच नाही."

"तुम्ही डोळ्यांनी बघितलंत, त्याचं काहीच नाही?"

"माझ्या बघण्याला आता कोण विचारतंय," कारकून म्हणाला. पण तो उठला, बाहेर आला आणि पेंटरांसमोर गुडघे टेकून आपल्या मोबाइलवर प्रयत्न करू लागला. "काका, मिटा डोळे. हां. मिटा. काका, मिटा ना." पडदा लाल झाला. पुन्हा केला, पुन्हा लाल. मग त्याला आठवलं, की आजारी माणसाच्या घरी येऊन तपासणी करायची सोय आहे.

"मग या की," पेंटरीणबाईंचा आवाज एकदम हलका झाला.

"त्याचा अर्ज भरायचा. ऑनलाइन. थांबा, मीच भरतो."

त्याने पटापट भरला. शेवटच्या पानावर पडदा क्षणभर फिरला आणि तोच गोल आला. अर्जदाराच्या चेहऱ्याची पडताळणी. कारकुनाने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

पेंटर मघापासून काचेच्या वरची 'मदत कक्ष' ही पाटी बघत होते. "ही... माझी... नाही," ते म्हणाले.

"काय म्हणतात?"

"पाटी त्यांनी रंगवलेली नाही म्हणतात. छापील आहे."

कारकून हसला आणि मग हसल्याबद्दल ओशाळला. "मी वर कळवतो," तो म्हणाला. त्याने कळवलंही असेल. वरून काही खाली आलं नाही.

मुलगी दूरच्या शहरात होती. जावयाची नोकरी नुकतीच सुटलेली, तरी तिने एकदा गोळ्या पाठवल्या होत्या. पुन्हा मागायला पेंटरीणबाईंची जीभ रेटत नव्हती.

"आई, मी येऊन जाऊ का?" तिने फोनवर विचारलं.

"येऊन काय करणार? तुझ्या पापण्या थोड्याच चालणार आहेत."

"फुंकर मारून बघ. आपोआप मिटतात."

त्यांनी फुंकर मारली. पापण्या मिटल्या, पण बाईंचे फुगलेले गाल गोलात आले आणि मोबाइल म्हणाला, 'एकापेक्षा जास्त चेहरे आढळले.' कानाशी टाळी वाजवली तर पेंटरांची मान हिसडली. बॅटरी मारली तर डोळ्यांतून पाणी वाहिलं, पापणी जागची हलली नाही. पेंटर हे सगळं निमूट सोसत होते. एकदा म्हणाले, "हात... चालता... तर पापण्या... रंगवल्या असत्या."

"रंगवलेल्या हलतात का?"

"त्याचा... दर... वेगळा."

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं, म्हणून त्या मशीनवर जाऊन बसल्या आणि एक कॉलर उलटी शिवून बसल्या.

मग गोळ्या संपल्या. अर्ध्या, पाव, सगळ्या. औषधवाल्याने उधारीला हात जोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी पेंटरांना कूसही बदलता येईना. बिछाना ओला झाला होता. त्यांना तो कधी ओला झाला हे माहीत होतं, हाक मारायची होती, पण हाक घशातच अडकली होती. बाईंनी चादर ओढून काढली, त्यांना पुसलं, कोरडे कपडे घातले, काखेत हात घालून खिडकीजवळच्या खुर्चीत आणलं. बाईंच्या पाठीत चमक भरली. पेंटरांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती पुसली. आणि उजेड चांगला आहे म्हणून मोबाइल घेतला.

'आता पापण्या मिटा.'

"मिटा."

लाल.

"मिटा हो. एकदा. फक्त एकदा."

लाल.

पेंटर बघत होते. त्या कोऱ्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, ना दुःख ना लाज ना प्रयत्न. डॉक्टरांनी सांगितलेलं बाईंना आठवत होतं. तरी त्या क्षणी त्यांना वाटलं की हा माणूस मुद्दाम करतो आहे, मजा बघतो आहे, आयुष्यभर सगळ्यांची टिंगल केली तशी आता माझी करतो आहे.

"मिटा म्हणते ना!"

आणि त्यांचा मोकळा हात वर गेला.

इथे खोटं सांगण्यात अर्थ नाही. तो हात युक्ती म्हणून गेला नव्हता, मारायलाच गेला होता. उभ्या जन्मात त्या दोघांनी एकमेकांवर हात उगारला नव्हता. मोबाइलच्या मागून उलगडलेला तळवा वर आलेला पेंटरांनी पाहिला, आणि त्यांच्या पापण्या मिटल्या. एकदाच, गच्च. मान हलली नाही, कारण भीतीने ती ताठ झाली होती.

मोबाइलने गोड आवाज केला. 'धन्यवाद. पडताळणी यशस्वी.' गोल हिरवा झाला.

हात तसाच हवेत होता. बाईंनी तो खाली घेतला, पण कुठे ठेवावा कळेना.

"झालं?" पेंटरांनी विचारलं. नेहमी विचारत तसंच.

"झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून मोठ्याने रडल्या. पेंटरांचा हात त्यांच्या केसांपर्यंत यायला निघाला आणि बराच वेळ मध्येच थरथरत राहिला.

पेन्शन सुरू झाली, मागचीही आली. गोळ्या आल्या. आठवड्याभरात पेंटर कूस बदलायला लागले, मग धरून खिडकीपर्यंत चालायला लागले. मास्तर जिन्यात म्हणाले, "सांगत होतो ना, सोपं आहे. कसं जमलं शेवटी?"

"जमलं," पेंटरीणबाई म्हणाल्या.

चमचा मात्र पेंटरांच्या हातात ठरत नव्हता. जेवण बाईच भरवत. एका दुपारी भरवताना त्यांच्या लक्षात आलं, की पेंटरांच्या पापण्या मिटताहेत. छान, पटकन. त्यांना इतका आनंद झाला, की जेवण थांबवून त्यांनी मुलीला फोन लावला. "अगं, गोळ्या लागू पडल्या बघ. डोळेसुद्धा मिटायला लागलेत बाबांचे. पुढच्या वर्षीची काळजी नाही."

फोन ठेवून त्या पुन्हा समोर बसल्या. पेंटर त्यांच्याकडे बघत होते. टक लावून, पूर्वीसारखे. बाई बघत राहिल्या. पापणी लवत नव्हती.

त्यांनी चमचा उचलला. हात वर आला तशा पापण्या मिटल्या, गच्च.

बाईंचा हात वाटेतच थांबला.

"अहो, चमचा आहे," त्या म्हणाल्या.

पेंटरांनी डोळे उघडले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"माहीत... आहे," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडलं.

पुढचा घास नेताना पापण्या पुन्हा मिटल्या. त्यानंतर बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि चमचा खालून, हनुवटीच्या बाजूने, हळूहळू वर नेला. भात तोवर गार झाला होता.