उपस्थितांची यादी

"तू होतास ना रे तिथं? मग आमच्या इद्रिसकाकाबद्दल चार ओळी तूच लिही," नेस्टा म्हणाली आणि तिनं कात्रण माझ्यापुढे सरकवलं.

आमच्या कूम हेलिग गावचं चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर, येत्या महिन्यात कायमचं बंद होणार होतं. त्याआधी मागच्या खोलीत गावचे जुने फोटो, कात्रणं मांडायची म्हणून नेस्टा प्यू घरोघर फिरत होती. मी चौऱ्याऐंशीचा, ती सत्त्याहत्तरची. एकाच गल्लीत वाढलो. माझा जन्म वर्तमानपत्रांत गेला, म्हणून गावात कुठलंही कात्रण निघालं की माझ्याकडे येतं.

हे मला वाचायची गरज नव्हती. मार्च १९५९. 'ग्विलिम प्यू यांची अंत्ययात्रा.' खाली बासष्ट नावं. पहिलंच : श्री. इद्रिस प्यू, बंधू.

त्या काळी आमच्या खोऱ्यात मयताला फक्त पुरुष जात. बायका पडदे ओढून घरात बसत. कोण आलं, कोण नाही, हे त्यांना शुक्रवारी आमच्या साप्ताहिकातून कळायचं. बातमीदारानं वही घेऊन चॅपलच्या फाटकाशी उभं राहायचं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारायचं. आमचे संपादक बेव्हनसाहेब यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पंतप्रधानाचं नाव चुकलं तर मी निस्तरीन. मयताला आलेल्याचं चुकलं, तर तू तुझं बघ."

ग्विलिम प्यू म्हणजे नेस्टाचे वडील. खाणीत कोळसा फोडून फोडून त्यांच्या छातीत धूळ बसली होती. रविवारी ते आम्हा मुलांना चॅपलमध्ये शिकवायचे. मी वाचताना अडखळायचो. ते माझं बोट धरून अक्षरावर ठेवायचे आणि वाट बघायचे. बेव्हनसाहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला तोही त्यांनीच.

आणि त्यांच्या मयताच्या शनिवारी मी कार्डिफला रग्बीचा सामना बघायला गेलो.

मित्राकडे एक तिकीट जास्तीचं होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो. मयताचं सामान पुरवणाऱ्याकडून सकाळीच खांदेकऱ्यांची नावं घेतली आणि उरलेली यादी गाडीत बसून लिहिली. कोण येणार हे मला पाठ होतं. प्रश्न फक्त भावाचा होता. सव्वीस सालच्या संपात इद्रिस प्यू संप फोडून खाणीत उतरला होता. तेव्हापासून तो डोंगरापलीकडच्या खोऱ्यात राहायचा, आणि तेहतीस वर्षांत भाऊ भावाशी बोलला नव्हता. हे मला माहीत होतं. पण ग्विलिमना मुलगा नव्हता, आणि भावाशिवाय यादीचा माथा बोडका दिसत होता. मी नाव लिहून टाकलं.

सामना कोण जिंकलं ते आज आठवत नाही.

पेपर निघाला. पुढच्या मंगळवारी एक रुंद खांद्यांचा माणूस कचेरीत आला. टोपी हातात.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"मी आलो नव्हतो."

"दुरुस्ती छापतो," मी म्हणालो.

"नको." त्यानं मागे वळून दार लागलंय का ते बघितलं. "काल वहिनी आली होती. डोंगर चढून, केक घेऊन. हात धरून म्हणाली, बरं केलंत भावजी, आलात. तेहतीस वर्षांनी ती बाई माझ्या दारात उभी राहिली. तिला काय सांगणार होतो मी?" "डोंगराच्या माथ्यापर्यंत आलो होतो. पुढं पाय उचललाच नाही. तू तरी होतास का तिथं?"

मी टाइपरायटरकडे बघत राहिलो.

"वाटलंच," तो म्हणाला. "मग गप बस. मीही बसतो."

त्यानंतर तो दर शनिवारी यायचा. वहिनीच्या घरचा कोळसा आत नेऊन टाकायचा, लाकडं फोडायचा, चहा प्यायचा. मरेपर्यंत, अकरा वर्षं. मयताच्या गर्दीत तो मागे कुठंतरी असेल असं धरून गाव कौतुक करायचं. मी कार्डिफच्या मोठ्या पेपरात गेलो, मंत्र्यांच्या थापा उघड्या पाडल्या, त्याबद्दल माझा सत्कारही झाला. टाळ्या चालू असताना मला त्या यादीतलं पहिलं नाव दिसत होतं. बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

त्या दुपारी नेस्टाला सांगितलं. सगळं. ती चहा ओतत होती. ओतून झाल्यावर तिनं किटलीवर टोपण ठेवलं.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"आईला माहीत होतं. पडदा बोटभर सरकवून ती खिडकीत उभी होती, मी तिच्या शेजारी. चॅपलमधून निघून यात्रा आमच्या दारावरूनच गेली. एकेका माणसाला ती चालीवरून ओळखत होती. काका नव्हता. शुक्रवारी पेपर आला तो तिनं दोनदा वाचला. म्हणाली, 'छापून आलंय ना, मग जायला निमित्त झालं.' आणि केकचं पीठ मळायला घेतलं."

पासष्ट वर्षांनी छातीवरचा दगड कुणीतरी उचलला. मला हसू आलं.

"हसू नकोस, एम्लिन." नेस्टाचा चेहरा तसाच होता. "त्या दिवशी ती दोघांना शोधत होती."

"दोघांना?"

"दीर नाही आला हे समजतं, म्हणाली. पण एम्लिन कसा नाही आला? त्याला तर ह्यांनी वाचायला शिकवलं." तिनं कपातला चहा उगाच ढवळला. "पुन्हा कधी विषय काढला नाही. तुझं नाव पेपरात आलं की वाचायची मात्र. शेवटपर्यंत. म्हणून तर आज तुला विचारलं, तू होतास ना तिथं."

मी कात्रण जवळ ओढलं.

इद्रिसबद्दलच्या चार ओळी मी लिहून दिल्या. त्या सोप्या होत्या. स्वतःबद्दलचा मजकूर तीनदा लिहून फाडला. त्यात वय आलं, पश्चात्ताप आला, नेस्टाच्या आईचा मोठेपणाही आला. सगळा मजकूर सफाईदार होता. अखेर एकच ओळ ठेवली : 'ही यादी लिहिणारा बातमीदार अंत्ययात्रेला हजर नव्हता. एम्लिन रॉसर.'

नेस्टानं ती वाचली आणि काही न विचारता कात्रणाखाली टाचणीनं लावली.

शनिवारी चॅपलच्या मागच्या खोलीत गाव लोटलं. बाहेरगावचे एक गृहस्थ चष्मा वर करून बराच वेळ वाचत होते. "मग हा होता कुठं?" त्यांनी शेजारी खुर्चीत बसलेल्या मला विचारलं.

"रग्बीच्या सामन्याला."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"मीच तो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा यादीकडे बघितलं, आणि गायकवृंदाच्या फोटोकडे सरकले. मग आणखी कुणी आलं. मी संध्याकाळी दार बंद होईपर्यंत त्या खुर्चीवरून उठलो नाही.