नराच्या पोटातली गाबोळी

त्या रविवारी सकाळी डोंगरीच्या खालच्या तळ्यावर एवढी गर्दी होती की बसवाल्याने लोकांना स्टॉपच्या बऱ्याच अलीकडे उतरवलं. काशीमीऱ्याहून, राईहून, पार वसईहून बायका आल्या होत्या. बहुतेकींच्या हातात स्टीलचा डबा आणि सोबत सासू किंवा नणंद. बांधावर मांडव घातला होता. मांडवात लाकडी पाट, पाटावर ओले चिलापी मासे, आणि पाटामागे समुद्री रंगाची कफनी घातलेला मत्स्यानंद बाबा. कफनीच्या कॉलरला माइक अडकवलेला.

"हा नर की मादी? मोठ्यानं सांग, मागच्या माईंना ऐकू जाऊ दे."

"नर हाय," आमच्या गावचा कोळी सॅव्हियो म्हणाला.

"नीट बघ."

"काय नीट बघायचं? अंग काळं, गळा पांढरा, जबडा बघा केवढा. चाळीस वरसं मासे मारतंय मी. नर म्हंजे नर."

बाबाने डोळे मिटले, माशाच्या पोटावरून अंगठा फिरवला, काहीतरी पुटपुटला आणि एका फटक्यात शेपटीकडून कल्ल्यापर्यंत सुरी चालवली. पोटातली नराच्या बीजाची पांढरी पट्टी बोटावर घेऊन त्याने उजेडात धरली. तिच्यात खसखशीसारखे पिवळे दाणे दिसत होते. गाबोळी. नराच्या पोटात अंडी.

मग बाबा माइकमध्ये म्हणाला, "ज्या दरबारात नराची कूस भरते, तिथं नारीची रिकामी राहील का, माई? एकवीस दिवस हा प्रसाद. आणि एकवीस दिवस सुई नाही, गोळी नाही, डॉक्टरचं तोंड बघणं नाही. निसर्गात दुसऱ्याचा हात चालत नाही."

निसर्गात स्वतःचा हात कोपरापर्यंत घालून तो हे सांगत होता. पण हसलं कोणीच नाही.

मी मागे उभी होते. माझं वय शहात्तर. इथल्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, सॅव्हियोसुद्धा चौथीत माझ्याच वर्गात होता. असल्या गर्द्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. आमच्या वाडीतल्या चॅपेलच्या भिंतीला एकदा घाम फुटला होता, तेव्हा गुडघे टेकून मेणबत्ती लावणाऱ्यांत मीही होते. आठवड्याने कळलं, भिंतीमागची पाण्याची टाकी गळत होती. त्यामुळे मला कोणाचा राग येत नाही. थकवा येतो.

आणि या वेळी आमच्या कोळ्यांनीच आधी विश्वास ठेवला. शहरातला माणूस फसला तर समजण्यासारखं आहे, त्याला नर-मादी ओळखता येत नाही. आमच्या लोकांना येतं, म्हणूनच ते जास्त फसले. पोटात गाबोळी म्हणजे बरकत, हे आम्ही आईच्या मांडीवर शिकलेलो. नराच्या पोटातही गाबोळी म्हटल्यावर दुप्पट बरकत. पुढचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. खरं तर माझ्याही डोक्यात तो त्या दिवशी आला नाही.

घरी आले तर स्वप्नाली माझ्या ओट्यावर प्रसादाचा डबा घेऊन बसली होती. स्वप्नाली आणि तिचा नवरा पराग माझ्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात. दोघं शहरातून इकडे आली त्याला सहा वर्षं झाली, लग्नाला नऊ. वरचा फ्रिज बिघडलेला, म्हणून तिच्या डॉक्टरांची इंजेक्शनं माझ्या फ्रिजच्या दारात असतात, लोण्याच्या डब्याशेजारी. पुढच्या सोमवारी सोनोग्राफी करून ती सुरू करायची होती. मुलासाठी हा त्यांचा तिसरा प्रयत्न. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, वय वाढतंय, आता महिने वाया घालवू नका.

"टीचर, ते बॉक्स तुमच्याकडेच राहू देत अजून," ती म्हणाली.

"सोमवारी लागतील ना?"

"सोमवारी नाही जात आहे. एकवीस दिवस होऊ देत."

"एकवीस दिवसांनी हा महिना गेलेला असेल."

"दोन वेळा सुया टोचून काय झालं, टीचर? पोटावर जागा उरली नाही टोचायला. इथं निदान कोणी मला उताणी झोपवत नाही. रांगेत उभं राहायचं, डबा घ्यायचा. सगळ्या आपल्यासारख्याच. बरं वाटतं." डब्याचं झाकण ती उगाच उघडमीट करत होती. "पराग पण म्हणतो, काय नुकसान आहे."

डबा उघडला की वास येत होता. माशाचा नव्हे. रॉकेलसारखा, साबणासारखा. मी झाकण घट्ट लावून दिलं. शिकवण्याच्या नोकरीत एवढं शिकले, की रडायच्या बेतात असलेल्या माणसाला गणित सांगू नये.

रात्रभर तळ्याच्या पाण्याचा तो वास नाकातून जाईना. आणि पहाटे अंथरुणात मला फडक्याची आठवण झाली.

माझे वडील, अल्फान्सो, त्या तळ्याची राखण करायचे. पावसाळ्यात तळं बंद असायचं. पाऊस ओसरला की गाव विचारायचं, आता जाळं टाकायचं का? वडील म्हणायचे, फडकं बघू. मग आईच्या जुन्या लुगड्याचा विरलेला तुकडा आम्ही दोघी बहिणी चार टोकांना धरून काठच्या उथळ पाण्यात बुडवायचो आणि हळूच वर घ्यायचो. चिलापीची मादी पिल्लं तोंडात सांभाळते. सावली पडली की सगळी आत घेते, शांत झालं की काठाशी सोडते. फडक्यात तांदळाएवढी पिल्लं वळवळली तरच वडील तळं उघडायचे. गाबोळी बघून नाही. त्यांचं म्हणणं असं, की पोटातलं काही खरं नाही, पाण्यात उतरलं तेवढं आपलं.

वडील गेले, तळं ठेक्यावर गेलं, फडक्याची रीत सुटली. नंतर वरच्या अंगाला टॉवर आले, त्यांच्याखाली गाळे आले, आणि सगळ्यांचं सांडपाणी एका नाल्यातून आमच्या तळ्यात उतरायला लागलं. पंधरा वर्षं तरी झाली असतील.

सकाळी मी कॅरेनला फोन लावला. कॅरेन माझ्या भावाची मुलगी. मत्स्यशास्त्र शिकली, कोचीनकडे असते.

"नराच्या पोटात अंडी? होतं आंटी, तसं बऱ्याच देशांत दिसलंय," ती म्हणाली. "नर व्हायचं की मादी, हे माशांत आपल्याइतकं पक्कं नसतं. शरीरातल्या संप्रेरकांवर पुष्कळ अवलंबून असतं. सांडपाण्यात काही रसायनं अशी असतात की माशाच्या शरीराला ती मादीचं संप्रेरकच वाटतात. माणसं औषधाच्या गोळ्या घेतात, त्यातलं थोडं लघवीतून नाल्यात जातं. काही साबणांतून, काही कारखान्यांतून. पिल्लू लहानपणापासून त्याच पाण्यात वाढलं की नराच्या बीजाच्या जागी अंडी धरायला लागतात."

"आणि त्या अंड्यांतून पिल्लं?"

"त्यांची आशा नको. उलट अशा नराचं बीजही कमजोर होतं. नर असा झाला की तळ्यातली पैदास घटते."

"आमच्या तळ्यात नेमकं कोणतं रसायन आहे?"

"ते पाणी तपासल्याशिवाय मी नाही सांगणार. पण आंटी, ते मासे खाऊ नका."

पुढच्या रविवारी मी सॅव्हियोला दोन बादल्या घेऊन बोलावलं. लाल बादलीत चर्चमागच्या तळ्यातले पाच नर. त्या तळ्यात नाला येत नाही. निळ्या बादलीत खालच्या तळ्यातले पाच नर. कुठली बादली कुठली, हे आम्हा दोघांनाच माहीत.

"टीचर, बाबाची परीक्षा घेताय," सॅव्हियो कुरकुरला. "पाप लागंल."

"चौथीत तुला किती परीक्षा दिल्या मी. कोणाला पाप लागलं?"

"मला लागलं ना. दोनदा बसलो चौथीत."

मांडवात गर्दी होतीच. स्वप्नाली दुसऱ्या रांगेत डबा घेऊन उभी. मी पुढे जाऊन पाटाशेजारी बादल्या ठेवल्या.

"महाराज, म्हातारीची एक इच्छा आहे. या लाल बादलीवर मंत्र टाका. निळीला हातसुद्धा लावू नका."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणं त्याला जमलं नाही. त्याने लाल बादलीवर दोन्ही हात धरले, बराच वेळ पुटपुटला, वर पाणी शिंपडलं. मग सॅव्हियोने पाटावर एकेक मासा कापला. पाचही पोटांत नराची स्वच्छ पांढरी पट्टी. एक दाणा नाही.

"प्लास्टिकची बादली," बाबा म्हणाला. "प्लास्टिकमध्ये शक्ती उतरत नाही."

"निळी पण प्लास्टिकचीच आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

सॅव्हियोने निळ्या बादलीतले कापले. पहिला साधा. दुसऱ्यात पिवळे दाणे. तिसऱ्यात दाणे. चौथा साधा. पाचव्यात दाणे. मंत्राशिवाय, बाबाचा हात न लागता. सॅव्हियोने पाचवा पुन्हा उलटून बघितला.

"हे नाल्याच्या तळ्यातले," मी सांगितलं. कॅरेनने फोनवर सांगितलेलं सगळं, जमेल तेवढं सोपं करून, सांगितलं. "पाचात तीन. बाबांना पाचात पाच कसे मिळतात? कापायच्या आधी ते पोटावरून अंगठा फिरवतात. दाणे असले की बोटाला कळतं. नसले तर मासा बाजूला टाकतात, म्हणतात या माईची श्रद्धा कमी. तुम्ही पाहिलंय. आणि हा हात साधूचा नाही. गेल्या रविवारी त्यांनी मासा एका फटक्यात शेपटीकडून कल्ल्यापर्यंत फाडला. असं रोज शंभर मासे साफ करणारा माणूस फाडतो."

बाबाने माइक काढून ठेवला.

"हायवेवर हॉटेलात होतो, टीचर," तो हळू आवाजात म्हणाला. "मासे साफ करायला. या तळ्याचा माल यायचा. नरात अंडी दिसली तेव्हा मी पण आधी हात जोडले. लोकांना दाखवलं तर ते माझ्याच पाया पडायला लागले."

"पण ते डॉक्टरकडे जायचं नाही, हे कोणी सांगितलं तुला?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरकडे जाणारी बाई पुढच्या रविवारी रांगेत उभी राहत नाही.

तरीसुद्धा गर्दी हलेना. एक सासूबाई म्हणाल्या, "पाण्यामुळे असेल, नाहीतर मंत्रामुळे. गाबोळी तर आहे ना? खाल्ली तर गुण येईलच."

यालाच मी थकवा म्हणते.

मी पिशवीतून आईच्या लुगड्याचा तुकडा काढला. दोन टोकं सॅव्हियोच्या हातात दिली, आणि स्वप्नालीला म्हणाले, "ये, ही दोन टोकं तू धर." ती डबा खाली ठेवून आली. दोघांनी फडकं काठाच्या पाण्यात बुडवलं आणि हळूच वर घेतलं. काळा चिखल. चपलेची एक पट्टी. पुन्हा बुडवलं. तिसऱ्यांदा बुडवलं. सॅव्हियो गुडघाभर आत गेला, बांधाच्या टोकापर्यंत गेला. नऊ वेळा फडकं वर आलं. एक पिल्लू नाही.

"चर्चमागच्या तळ्यात काल एकदाच बुडवलं," मी म्हणाले. "फडकं पिल्लांनी भरलं होतं."

सॅव्हियो पाण्यात उभा होता. "आयला," तो स्वतःशीच म्हणाला, "म्हणून दोन वरसं बारका मासा न्हाय. जाळ्यात येतात ते सगळे जुनेच नर-माद्या. मला वाटलं बगळे खातात."

स्वप्नाली फडक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "यांनाच पोरं होत नाहीत."

सासूबाईंनी आपला डबा पदराखाली घेतला. थोड्या वेळाने बायका एकेक करून बसस्टॉपकडे चालू लागल्या.

सोमवारी सकाळी स्वप्नालीने फ्रिजमधले बॉक्स काढले, बर्फाच्या पिशवीत ठेवले. मी सोबत गेले. सोनोग्राफी वेळेवर झाली, पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी टोचलं. मूल होईल का, मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनीही तसं वचन दिलं नाही. त्यांनी शक्यता सांगितली, किती वेळा साधतं आणि किती वेळा नाही, ते सांगितलं. वचन देत नाहीत म्हणून लोक डॉक्टरांवर रुसतात. माझा विश्वास त्यामुळेच बसला.

बाबा गेला. मांडव निघाला. नाला वाहतोच आहे. तळ्याच्या पाण्याच्या बाटल्या आम्ही तपासायला पाठवल्या आहेत, अर्जावर सॅव्हियोसकट त्रेचाळीस सह्या आहेत. पंधरा वर्षं आम्ही सगळे नाक दाबून त्या बांधावरून गेलो, हेही त्या अर्जात लिहायला हवं होतं.

तुम्हाला कोणी असं नवल दाखवलं, तर माझ्यासारख्या म्हातारीचं ऐका. हात जोडायचे असतील तर नंतर जोडा. आधी विचारा, मंत्र न टाकता काय होतं? दुसऱ्या तळ्यात काय होतं? आणि एखादं जुनं फडकं घेऊन पाण्यात उतरा, पिल्लं आहेत का ते बघा.